नवसाचा बुधवार

५ नोव्हेंबर, बुधवार

ही रोजनिशी जानेवारीत सुरू करायची ठरली होती. बियाण्याच्या दुकानदाराने फुकट दिलेली डायरी आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी बोंडअळीबद्दल एक सूचना. दहा महिने कोरी राहिली त्याला कारणं आहेत. ती लिहीत बसलो तर आजचं राहून जाईल.

दिवाळीनंतर शाळा उघडली. मुख्याध्यापक रामराव सरांनी बोलावून घेतलं. वरून पत्र आलंय. 'निसर्गातून स्नेह' असा उपक्रम. वेगवेगळ्या समाजाच्या मुलांना वर्गाबाहेर झाडाझुडपांत न्यायचं, निसर्ग दाखवायचा आणि त्यातून एकमेकांच्या जवळ आणायचं. तालुक्यात पहिला नंबर आला तर जालन्याला सत्कार. प्रमुख म्हणून माझं नाव घातलंय. रामराव म्हणाले, अंगद सर, बाकीच्यांना काही ना काही ड्यूटी हाय, तुम्हीच तेवढे मोकळे दिसून राह्यले. त्यांना म्हणायचं होतं की असलं काम मोकळ्या मनाच्या माणसालाच द्यावं लागतं.

ते खरंही आहे. मी जातपात मानत नाही. स्टाफरूममध्ये माझा सगळ्यांत जवळचा मित्र म्हणजे राजानंद सर, भीमनगरचे. नऊ वर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटून आहेत. त्यांचं पेन मी हक्काने वापरतो. परत करायचंही लक्षात राहत नाही, इतकी जवळीक.

संकल्प: रोज लिहायचं. पहाटे उठायचं. सातवीच्या वर्गाला असा निसर्ग दाखवायचा की आयुष्यभर आठवण राहील.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे उठणं झालं नाही. पण आंघोळ करताना कल्पना सुचली.

वनभोजन! कार्तिक चालू आहे. कार्तिकात आवळ्याखाली बसून जेवायची आपल्याकडे रीतच आहे. भुजंगमामांच्या मळ्यात विहिरीजवळ आवळ्याची तीन मोठी झाडं आहेत. तिथे सातवीचा वर्ग न्यायचा. जोड्या लावायच्या, गावातला एक आणि भीमनगरचा एक. जोडीने झाडं बघायची, पाखरं बघायची आणि दुपारी जोडीने डबे बदलायचे. याचा त्याने खायचा, त्याचा याने. 'डबाबदल' हे नावही मीच दिलं.

स्टाफरूममध्ये सांगितलं. राजानंद सर म्हणाले, चांगलंय सर, पण पोरं तर रोजच संगं खेळून राह्यलीत, एकमेकाचे डबे बी खातेत. मी समजावलं, की ते आपोआप होतं म्हणून त्याला किंमत नाही. नियोजन केलं की त्याचा उपक्रम होतो. त्यांना पटलं. निदान ते गप्प बसले.

मग रामरावांना भरतं आलं. म्हणाले, मंग मास्तरांनी बी डबे बदलायचे, पोरांसमोर आदर्श पाहिजे! अंगद सर आन् राजानंद सर, पहिली जोडी तुमची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

संध्याकाळपासून छातीत जळजळ. अ‍ॅसिडिटी असावी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवतो. राजानंद सरांच्या घरी माझं आजवर जेवण झालेलं नाही. हा निव्वळ योगायोग आहे. घरभरणीला बोलावलं तेव्हा मला कणकण होती. त्यांची बदली रद्द झाली तेव्हा बोलावलं, तर नेमकं आम्हाला साधनाच्या माहेरी जावं लागलं. मागच्या वर्षी त्यांच्या आम्रपालीच्या वाढदिवसाला चतुर्थी निघाली. दर वेळी म्हणतात, काही हरकत न्हाई सर, पुढच्या टायमाला. इतका समजूतदार माणूस. चहाचं म्हणाल तर चहाने मला पित्त होतं. घरी तीन वेळा घेतो, पण त्यात आलं असतं.

आज वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. नवा ड्रेस घालून ती स्टाफरूममध्ये चॉकलेटं वाटायला आली. मी दोन घेतली. मुलांचं मन मोडू नये.

८ नोव्हेंबर, शनिवार

संकष्टी. कडक उपवास. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, तीन केळी. दिवसभर अशक्तपणा जाणवत होता.

मधल्या सुट्टीत राजानंद सरांनी सहज विचारलं की सर, उपासाला तुम्हाला काय काय चालतं? माणसाला आपल्या रीतीभातीबद्दल उत्सुकता आहे याचं बरं वाटलं. सगळं सविस्तर सांगितलं. कोथिंबीर चालत नाही, जिरं चालतं, साबुदाणा रात्रभर भिजवावा, इथपर्यंत.

१० नोव्हेंबर, सोमवार

जोड्या लावल्या. त्यासाठी कोण कुठला ते कळायला हवं होतं. सरळ विचारणं बरं दिसत नाही, म्हणून युक्ती केली. मारुतीच्या पाराच्या अलीकडे ज्यांची घरं आहेत त्यांनी डावीकडे उभं राहायचं, पलीकडच्यांनी उजवीकडे. निव्वळ भूगोल. मुलं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली, मग हलली. वर्ग सरळ दोन भागांत उभा राहिला. इतक्या वर्षांत तो असा कधी उभा राहिला नव्हता. मला समाधान वाटलं. आता एकत्र आणायला काहीतरी झालं.

फक्त मधोमध दोघी उभ्या. आमची रेणुका आणि राजानंद सरांची आम्रपाली, हातात हात घालून. पहिलीपासून एका बाकावर बसतात. रेणुकानं विचारलं, सर, आम्ही कुठं? (शाळेत ती मला सर म्हणते, ही शिस्त मी लावली आहे.) मी म्हटलं, तुम्ही आधीच एकत्र आहात, तुम्हाला एकत्र आणण्यात उपक्रमाचं काय यश? तुम्ही वेगळ्या व्हा, मग मी तुम्हाला दुसऱ्यांशी जोडतो. आम्रपालीनं विचारलं, मंग सर, आम्हाला परत कवा जोडणार?

हसण्यावारी नेलं. शेवटी त्यांची जोडी राहू दिली. शिक्षकाच्या स्वतःच्या मुलीची जोडी फोटोत असलेली बरी.

फोटोवरून आठवलं. मुलं मिसळलेली आहेत हे फोटोत दिसणार कसं? म्हणून रिबिनी आणल्या. दुकानात दोनच रंग शिल्लक होते, केशरी आणि निळा. कुठल्या बाजूला कुठला द्यायचा याचा विचारसुद्धा करावा लागला नाही, वाटताना हात आपोआप चालला.

मधल्या सुट्टीत केशरी रिबिनीवाले कडुनिंबाखाली बसले, निळे हापशाजवळ. मुलांना रंग जुळवायची मुळातच आवड असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भुजंगमामांच्या मळ्यात गेलो. मामा लांबच्या नात्यातले, पण माझ्यावर जीव. कापूस वेचणी चालू होती. मामा म्हणाले, आन की पोरं, माझं काय जातंय. पर हिरीकडं कोनी फिरकायचं न्हाई. पानी तुमचं तुमी आना. मी म्हटलं, बरोबर आहे, लहान मुलं, पडायची भीती. मामा म्हणाले, त्ये तर हायेच.

'तर' वर त्यांनी जो जोर दिला तो माझ्या लक्षात आला. फार संताप आला. असल्या विचारांच्या माणसांमुळे आपला भाग मागे राहिला! तोंडावर सुनावणारच होतो, तेवढ्यात त्यांनी पिशवीभर मोसंबी हातात दिली. गोड आहेत.

पाण्याचे दोन जार सांगून ठेवले.

परत येताना पुन्हा जळजळ. मोसंबीने असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रामरावांना सुचवलं की वनभोजन शनिवारी ठेवावं, शनिवारी हवामान चांगलं असतं. रामराव म्हणाले, शनिवारी अर्ध्या गावाला मारुतीचा उपास, डबे कोण बदलंल? मग सोमवार सुचवला. सोमवारी महादेवाचा. गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा. मंगळवारी बाजार. रामराव बोटं मोजत मोजत बुधवारवर आले. म्हणाले, बुधवार बराबर हाय, बुधवारी कोणाचाच उपास नसतो. एकोणीस तारीख पक्की. अन् ऐका, विस्तार अधिकारी साहेब खुद्द येऊन राह्यलेत. तुमच्या दोघांचा डबाबदल बघायला म्हणून येऊन राह्यलेत, बिलकुल चुकवू नका.

मी स्वच्छतेचा मुद्दा मांडला. डबे बदलल्याने संसर्ग पसरू शकतो. रामराव म्हणाले, राजानंद सरांच्या घरी जाऊन बघा एकदा, फरशीवर तोंड दिसतंय. मी म्हटलं, जायचंच आहे.

सगळीकडून आनंदाचं वातावरण आहे. मला झोप लागत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

निसर्गाचा अभ्यास. मोबाईलमध्ये झाडं ओळखायचं अ‍ॅप घेतलं. अंगणातल्या तुळशीचा फोटो काढला, त्याने पुदिना सांगितला. शेवग्याला ब्राझीलचं एक झाड म्हणालं. अ‍ॅप नवीन आहे, सुधारेल. दुर्बीण घेऊन बांधावर गेलो. बाभळीवर एक पांढरा दुर्मिळ पक्षी. अजिबात हालचाल नाही. शिकारीची वाट बघत असणार. अर्धा तास त्याच्या वर्तनाची निरीक्षणं लिहिली. वारा सुटल्यावर तो उडाला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. खताची पिशवी होती.

जेवताना रेणुका म्हणाली, पप्पा, तुम्हाला मजा येणार बुधवारी. आम्रपालीच्या मम्मीची शेंगदाण्याची चटणी खाल्ली ना, तुम्ही आपल्या घरची विसरून जाल. मी विचारलं, तुला काय ठाऊक? ती भाकरी मोडत म्हणाली, डब्यात आणते की ती. पण ठेचा गरम गरमच लागतो चांगला, तव्यावरचा. डब्यात ठेचा गरम कसा राहतो ते विचारणार होतो. साधनानं मध्येच माझ्या ताटात भात वाढला. मी मागितला नव्हता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मार्ग सापडला.

उपवास! माणूस निसर्गाच्या सगळ्यांत जवळ कधी असतो? रिकाम्या पोटी. शिवाय मी अन्न नाकारत नाहीये, अन्नमात्रच घेत नाहीये. यात कुणाचा अपमान होण्याचा प्रश्न येतच नाही.

बुधवारी उपवास नसतो ही अडचण होती. त्यावर नवसाचा बुधवार काढला. नवस कशासाठी ते सांगायचं नसतं, सांगितला तर फळत नाही, म्हणजे पुढची चौकशीही बंद.

राजानंद सरांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, बरं झालं सर जल्दी सांगितलं. मी आजच संध्याला सांगतो. वाटलं, संध्यावहिनींचा स्वयंपाकाचा त्रास वाचला. त्यांच्या खांद्यावर थोपटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

आज जळजळ नाही. गाढ झोप येणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी सहा

मोठा दिवस. दिवसभर उपाशी राहायचं म्हणजे सुरुवात भक्कम हवी. पोह्यांच्या दोन बशा, कालची चार भजी, वर एक केळं. स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्लं. रेणुका वेणी घालत दारात उभी होती. म्हणाली, पप्पा, आज लवकर भूक लागली? मी म्हटलं, हो, निसर्गाची ओढ.

दुपारी साडेतीन, मळ्यातून

आवळ्याच्या खोडाला टेकून लिहितो आहे. अक्षर लागलं तर बघू. उठता येत नाही.

सकाळ उत्तम गेली. मी पुढे, मागे जोड्या, केशरी-निळं, केशरी-निळं. साहेब खूश. मी एका झाडापाशी थांबून हे दुर्मिळ असल्याचं सांगितलं. मुलं म्हणाली, सर, सुबाभूळ हाय. मी म्हटलं, शाब्बास, तुमची परीक्षा बघत होतो. रामरावांनी दोन फोटो काढले.

मग बाराला आवळ्याखाली पंगत मांडली. साहेब खुर्चीवर. रामराव म्हणाले, पहिली जोडी! मी उभा राहिलो. जरा खाकरून जाहीर केलं, की मला अत्यंत वाईट वाटतं, पण आज माझा नवसाचा उपवास आहे. साहेबांनी मान डोलावली. झालं, सुटलो, असं वाटलं.

राजानंद सर हसून उठले. पिशवीतून नवाकोरा स्टीलचा डबा काढला. वरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. म्हणाले, म्हाईत हाय ना सर. संध्यानं मुद्दाम तुमच्यासाठी उपासाचं करून दिलंय. नवीन डबा, नवीन कढई. साबुदाणा रातभर भिजवलाय. जिरं हाय, कोथिंबीर न्हाई, तुम्ही सांगितलं तसंच.

झाकण उघडलं. खिचडी मोकळी झाली होती, दाणा दाणा वेगळा. वर तुपाचा हात. आमच्या घरी कधी इतकी मोकळी होत नाही.

सगळा वर्ग बघत होता. साहेब बघत होते. राजानंद सरांचा हात पुढे. मागे आवळ्याचं खोड, पुढे डबा. मला आठवतं ते एवढंच, की मी म्हणालो, निर्जळी आहे.

निर्जळी! हा शब्द माझ्या तोंडात आला कुठून?

राजानंद सरांनी झाकण लावलं. सावकाश लावलं, चारही बाजूंनी दाबून. म्हणाले, काही हरकत न्हाई सर. पुढच्या टायमाला, हे मात्र म्हणाले नाहीत.

रामराव जरा जास्तच मोठ्याने ओरडले, चला, पोरांनो, बदला डबे! कुणी हललं नाही. मग केशरी रिबिनीचा एक जण उठला. म्हणाला, सर, माझा बी उपास हाय. मी म्हटलं, बरं. त्याच्यामागून दुसरा. मग तिघं-चौघं एकदम. एकाच्या डब्यात अंड्याची पोळी दिसत होती, त्याचाही उपवास. मी कुणाला आणि काय म्हणणार? मीच पहिली जोडी. निळ्या रिबिनीची मुलं उघडे डबे मांडीवर घेऊन बसून राहिली.

आम्रपाली आणि रेणुका शेवटच्या होत्या. आम्रपालीनं तिचा डबा रेणुकापुढे सरकवला होता. रेणुकानं माझ्याकडे पाहिलं. ती आता सांगणार, पोहे, भजी, सगळं सांगणार, साहेबांसमोर सांगणार. तिने नाही सांगितलं. आपला डबा बंद केला आणि म्हणाली, माझा पण उपवास आहे.

माझ्यासाठी बोलली. मला वाचवलं तिने. आम्रपाली तिच्याकडे बघतच राहिली.

त्यानंतर साडेतीन तास. ऊन कार्तिकाचं नाही, वैशाखाचं वाटतंय. समोर पाण्याचे दोन जार, आणि निर्जळी. मुलं पेला भरून पितात ते बघवत नाही. विहीर दहा पावलांवर आहे, पण तिकडे कुणी फिरकायचं नाही. मघाशी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा राजानंद सरांनीच धरून इथे बसवलं. टोपीनं वारा घातला. म्हणाले, सर, देव एका पेल्यानं रागावत नसतो. मी मानेनं नाही म्हटलं. आता देवाची भीती नाही, साहेब अजून गेलेले नाहीत.

रात्री आठ

घरी आल्यावर सहा पेले पाणी. भाकरी, पिठलं, भात.

रेणुका जेवली नाही. म्हणाली, माझा उपवास आहे ना.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फोटो आले. सुरेख आले आहेत. चालतानाचे. जेवतानाचा एकही काढलेला नाही. साहेब म्हणाले म्हणे, कार्यक्रमाला धार्मिक अंगही होतं. एकंदरीत यशस्वी.

रेणुका सकाळीही जेवली नाही. मी तिला समजावलं, की मोठ्या माणसांच्या काही अडचणी असतात. तिने विचारलं, कोणती अडचण, पप्पा? मी म्हटलं, मोठी झालीस की कळेल. ती म्हणाली, मला नाही कळलं तर बरं होईल. अलीकडे मुलं फार टीव्ही बघतात.

संध्याकाळी साधनानं तिला मांडीवर घेऊन भरवलं. मग ओट्याकडे तोंड करून मला म्हणाली, तुम्हाला वाटतं, मी अन् पोरगी नऊ वर्षं संध्याच्या घरून उपाशीच येत असू. घरभरणीला तुमच्या तापाचं सांगायला कोण गेल्तं? जेवूनच आल्ते मी.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. मला काहीच हरकत नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रिबिनी परत गोळा केल्या. तरी वर्ग अजून दोन भागांत बसतो. सुट्टीत कडुनिंबाखाली आणि हापशाजवळ. म्हटलं, मुलांनो, उपक्रम संपला आहे, तुम्ही पूर्वीसारखे बसू शकता. कुणी उठलं नाही. वर्गात रेणुका पहिल्या बाकावर एकटी. आम्रपाली खिडकीशी.

राजानंद सरांचं वागणं नेहमीसारखंच. नमस्कार सर, बसा सर. पेन मागितलं, लगेच दिलं. फक्त त्यांचं टेबल खिडकीकडे सरकलं आहे, टीचभर. उजेडासाठी असेल.

चार दिवसांत एकदाही म्हणाले नाहीत, या घरी एकदा. नऊ वर्षं मी या बोलावण्यातून सुटायला बघत होतो. आता सुटलो आहे. सुटल्यासारखं वाटत मात्र नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संकल्प. आपण होऊन जायचं. बोलावण्याची वाट कशाला? वहिनींना म्हणायचं, ठेचा आहे का, तव्यावरचा? बसायचं, दोन भाकरी खायच्या, विषय संपला. इतकं सोपं आहे.

संध्याकाळी निघालो. पाराच्या पलीकडे गाडी लावली, चालत त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. चुलीचा धूर, भाकरी थापल्याचा आवाज. घर स्वच्छ दिसत होतं, रामराव खरं बोलले. नंदाबाई, आमच्या शेजारच्या, समोरून येत होत्या. म्हणाल्या, मास्तर, तुमी हिकडं? मी म्हटलं, एका विद्यार्थ्याची चौकशी होती.

परत आलो. सांजेच्या वेळी कुणाच्या घरी अचानक टपकणं बरं नाही. फोन करून जावं. उद्या करतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन राहिला. नेटवर्क नव्हतं.

तालुक्याचा निकाल लागला. आपला नंबर तिसरा. पहिल्या नंबरच्या शाळेनं म्हणे काहीच केलं नाही, मुलांना ओढ्याला नेलं आणि दिवसभर पाण्यात खेळू दिलं. परीक्षकांना निसर्गाची जाण नाही.

१ डिसेंबर, सोमवार

उद्या आम्रपालीचा वाढदिवस. यापेक्षा चांगली संधी नाही. उद्या मंगळवार, चतुर्थी नाही, एकादशी नाही. तीन-तीन वेळा बघून घेतलं. ती स्टाफरूममध्ये चॉकलेटं घेऊन येईल. मी दोन घेईन. सगळ्यांच्या देखत कागद सोडून तोंडात टाकीन. मग राजानंद सरांना हाक मारून म्हणेन, आता चॉकलेटवर भागवू नका, संध्याकाळी जेवायलाच येतो. ते म्हणतील, या की सर. सगळं पूर्वीसारखं होईल.

सदऱ्याला इस्त्री केली. साधनाला सांगितलं, उद्या रात्री माझा स्वयंपाक धरू नको. तिने बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

२ डिसेंबर, मंगळवार

मधली सुट्टी. आम्रपाली आली. अबोली रंगाचा ड्रेस, हातात चॉकलेटांची पिशवी. आधी रामरावांना. ते म्हणाले, लई मोठी हो. मग बाकीच्यांना, टेबलामागून टेबल. राजानंद सर वही तपासत होते, त्यांनी मान वर केली नाही.

माझ्यासमोर आली. मी हात पुढे केला होता. तळवा वर, पूर्ण पुढे. तिचा हातही पिशवीत गेला होता. मग तो थांबला. तिने हळू आवाजात विचारलं, सर, तुमचा उपास असंल ना?

तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं. पोर मला अडचणीतून सोडवत होती, आमच्या रेणुकानं सोडवलं तसं. मोठ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून काळजीनं विचारत होती.

नाही म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. सगळा स्टाफ वह्यांत डोकं घालून बसला होता आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे होते. आज मंगळवार, उपवास नाही असं म्हटलं, तर मग त्या बुधवारचा कुठला होता? पुढे केलेल्या हाताने मी चष्मा सरळ केला.

म्हटलं, हो.

ती म्हणाली, काही हरकत न्हाई सर. अगदी बापासारखं. आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

संध्याकाळ

रेणुका दिवेलागणीला घरी आली. कुठे होतीस म्हणून विचारलं नाही. तोंडाला केक लागला होता आणि हातांना ठेच्याचा वास. दोघींचं जुळलं म्हणायचं. कसं जुळलं, कुणी जुळवलं, मला कुणी सांगितलं नाही. नियोजन नव्हतं.

साधनानं माझा स्वयंपाक धरला नव्हता. मी सदरा न काढता पलंगावर बसलेला बघून तिने पीठ काढलं, पिठलं-भाकरी टाकली, ताट वाढून हाक मारली. वास छान येत होता. भूक सपाटून लागली होती.

मी म्हटलं, आज माझा उपवास आहे.

कोणता, असं तिने विचारलं नाही. ताटावर ताट झाकून ठेवलं.